पासवर्ड वायरीतून जाऊ नये म्हणून

फोंडा तालुक्यातल्या एका सहकारी पतसंस्थेचा संगणक विभाग मी सांभाळते. मुख्य कचेरी फोंड्याच्या बाजूला, शाखा साखळी, डिचोली, वाळपई, पेडणे अशा ठिकाणी. ठेवी, कर्ज, पिग्मी यांचं मुख्य सॉफ्टवेअर वेगळं आहे, त्याबद्दल हे लिखाण नाही. हे आहे आमच्या आतल्या वापरासाठीच्या वेबसाइटांबद्दल. कर्जाच्या कागदपत्रांचं स्कॅन केलेलं दप्तर, थकबाकीचे अहवाल, परिपत्रकं, रजेचे अर्ज. प्रत्येक वेबसाइट वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या माणसाने करून दिलेली, त्यामुळे प्रत्येकीचं लॉगिन वेगळं. कर्मचारी सकाळी विंडोजमध्ये एकदा पासवर्ड टाकायचा, मग दप्तराला दुसरा, अहवालांना तिसरा. दुपारी ब्राऊझर बंद करून उघडला की सगळं पहिल्यापासून.

कीबोर्डखाली चिठ्ठ्या सापडायच्या त्या यामुळे. त्यासाठी कर्मचाऱ्यांना दोष देणं मला कधीच पटलं नाही. काउंटरसमोर रांग असताना वेगवेगळे पासवर्ड डोक्यात ठेवून बिनचूक टाइप करायला लावणारी व्यवस्था आपण उभी करायची आणि चिठ्ठी लिहिली म्हणून माणसावर मेमो काढायचा, हे बरोबर नाही. साखळी शाखेतले वयाने मोठे रोखपाल मला फोन करून एवढंच म्हणायचे, "बाय, परत विचारता पळय." म्हणजे, बघ, परत विचारतंय. त्या वाक्यात तक्रार कमी आणि थकवा जास्त असायचा.

दप्तराच्या वेबसाइटपासून सुरुवात केली. ती उघडली की ब्राऊझर स्वतःची एक लहान चौकट दाखवायचा, नाव आणि पासवर्ड विचारणारी. वेबसाइटच्या पानावरचा फॉर्म वेगळा आणि ही चौकट वेगळी. ही ब्राऊझरची स्वतःची असते, आणि ती का येते हे डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्कच्या टॅबमध्ये स्पष्ट दिसतं. पहिली विनंती जाते ती ओळखीशिवाय. सर्व्हर ४०१ क्रमांकाचं, म्हणजे आधी ओळख पटवा असं, उत्तर देतो आणि सोबत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट नावाचा हेडर, म्हणजे उत्तराच्या माथ्यावरची माहितीची ओळ, पाठवतो. ओळख कोणत्या पद्धतीने पटवायची ते नाव त्या हेडरमध्ये असतं. ब्राऊझर ती पद्धत ओळखत असेल तर ऑथरायझेशन नावाच्या हेडरमध्ये उत्तर भरून तीच विनंती पुन्हा पाठवतो. बस, सांगाडा एवढाच आहे. आज तो आरएफसी (इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज) ९११० मध्ये, म्हणजे २०२२ च्या एचटीटीपीच्या (ब्राऊझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याच्या नियमांच्या) मुख्य मानकात लिहिलेला आहे, पण मूळ कल्पना १९९६ च्या एचटीटीपी १.० पासूनची.

या सांगाड्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे पद्धतीची जागा मोकळी ठेवलेली आहे. हेडरमध्ये बेसिक लिहा, डायजेस्ट लिहा, निगोशिएट लिहा; सांगाडा तोच राहतो, आत बसणारा भाग बदलतो. फायरफॉक्सच्या जुन्या रचनेत तर हे शब्दशः तसं होतं. हेडरमधलं पद्धतीचं नाव घेऊन ब्राऊझर त्या नावाने नोंदवलेला घटक शोधायचा आणि पुढचं काम त्याच्यावर सोपवायचा. क्रोमियममध्ये, म्हणजे क्रोम आणि एज यांच्या पायामध्ये, सर्व्हरने अनेक पद्धती देऊ केल्या तर ब्राऊझर त्यांची प्रतवारी लावतो: सर्वांत वर निगोशिएट, मग एनटीएलएम (विंडोजची जुनी पद्धत), मग डायजेस्ट, सर्वांत खाली बेसिक. आपल्याला जमणारी सर्वांत बळकट पद्धत तो उचलतो. इंटरनेटवरची नावं आणि क्रमांक नोंदवणाऱ्या आयाना या संस्थेकडे या पद्धतींची अधिकृत नोंदवही आहे आणि तिच्यात होबा, म्युच्युअल, स्क्रॅम अशी आणखीही नावं आहेत. त्यांची मानकं लिहिली गेली, पण मोठ्या ब्राऊझरांनी ती आत घेतली नाहीत. जागा मोकळी असली तरी तिथे कोण बसणार हे शेवटी ब्राऊझर बनवणारे ठरवतात. आमच्यासारख्या लहान संस्थेला निवड करायची ती त्यांनी बसवलेल्यांतूनच.

आमच्या दप्तराची पद्धत बेसिक होती, आणि तीही साध्या एचटीटीपीवर, टीएलएसशिवाय, म्हणजे वाटेवरचं बोलणं कुलूपबंद करणाऱ्या थराशिवाय. बेसिकमध्ये नाव, मध्ये अपूर्णविराम, पुढे पासवर्ड अशी ओळ करून ती बेस६४ मध्ये लिहिली जाते. बेस६४ म्हणजे कुलूप नव्हे, ती फक्त लिहिण्याची एक रीत. व्यवस्थापकांना हे पटवण्यासाठी मी लांबलचक टिपण लिहिलं नाही. त्यांच्या परवानगीने त्यांच्याच समोर त्यांच्या ब्राऊझरमधून गेलेला हेडर उघडला, एका ओळीच्या कमांडने उलटा वाचला, आणि पडद्यावर त्यांचा पासवर्ड आला. शाखांमधून फोंड्यापर्यंतच्या वाटेवर, मधल्या कोणत्याही उपकरणावर, कोणालाही हे करता आलं असतं. आणि बेसिकमध्ये पासवर्ड एकदा जाऊन थांबत नाही. पुढच्या प्रत्येक विनंतीबरोबर, प्रत्येक चित्राबरोबर, प्रत्येक पानाबरोबर तो पुन्हा जातो. व्यवस्थापक बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "हे आधी करूया. बाकीची कामं थांबू देत."

पहिला उपाय लगेच केला: टीएलएस. त्याशिवाय एक दिवसही काढायचा नाही असं ठरवलं. पण वाट सुरक्षित झाली तरी प्रश्न उरतोच. टीएलएसच्या आत पासवर्ड सर्व्हरपर्यंत उघडाच पोचतो. पानावरचा फॉर्म असला तरी तेच. दप्तराच्या सर्व्हरला, अहवालांच्या सर्व्हरला, रजेच्या अर्जांच्या सर्व्हरला, सगळ्यांना कर्मचाऱ्याचा पासवर्ड कळतो, आणि त्यातला एक जरी कोणी फोडला तरी सगळ्यांचे पासवर्ड गेले. माझा आग्रह इथून तयार झाला. समोरचा माणूस कोण आहे हे सर्व्हरला कळलं पाहिजे. त्याचा पासवर्ड काय आहे हे कळायची त्याला गरजच नाही.

डायजेस्टचा विचार थोडा केला. त्यात सर्व्हर एक आकडा पाठवतो, ब्राऊझर तो पासवर्डासोबत मिसळून गाळणीतून काढतो आणि निष्कर्ष तेवढा पाठवतो. पासवर्ड जात नाही, हे खरं. पण पडताळण्यासाठी सर्व्हरला जे साठवावं लागतं ते जवळजवळ पासवर्डाइतकंच मोलाचं असतं, आणि १९९९ च्या मानकातली एमडी५ ही जुनी गाळणी आज कोणी नव्याने वापरू नये. २०१५ मध्ये आरएफसी ७६१६ ने एसएचए-२५६ ही जास्त बळकट गाळणी आणली, तरी आमचं मूळ दुखणं, म्हणजे पुन्हा पुन्हा टाइप करणं, त्याने सुटत नव्हतं. सामायिक लॉगिन पानाचा, ओपनआयडी कनेक्टसारखा मार्गही चांगला आहे. पण त्यासाठी आणखी एक सर्व्हर उभा करून सांभाळावा लागला असता, आणि सांभाळणारी मी एकटी.

आमच्याकडे विंडोजचं डोमेन, सगळ्यांची खाती एका सर्व्हरवरून सांभाळणारी व्यवस्था, आधीपासून होतं. म्हणजे सकाळी कर्मचारी लॉगिन करतो तेव्हा मागे कर्बेरॉस चालतच असतं. एमआयटीमध्ये १९८० च्या दशकात अथेना प्रकल्पातून जन्मलेली ही पद्धत; तिची पाचवी आवृत्ती १९९३ मध्ये मानक झाली आणि २००५ च्या आरएफसी ४१२० मध्ये पुन्हा नीट लिहिली गेली. सकाळच्या लॉगिनमध्ये डोमेनचा सर्व्हर माणसाची खातरजमा करून त्याला एक तिकीट देतो. पुढे दप्तराच्या सर्व्हरकडे जायचं झालं की ते तिकीट दाखवून खास दप्तरासाठीचं दुसरं तिकीट घ्यायचं. हे दुसरं तिकीट दप्तराच्या सर्व्हरच्या किल्लीने बंद केलेलं असतं. मामलेदार कचेरीतून दुसऱ्या खात्यासाठी लाखेने बंद केलेला लखोटा आपल्या हातात द्यावा तसं: नेणारे आपण, पण उघडणार ज्याच्या नावे आहे तोच. पासवर्ड या सगळ्या प्रवासात वायरीतून एकदाही जात नाही.

ब्राऊझर आणि कर्बेरॉस यांची गाठ घालणारी पद्धत म्हणजे निगोशिएट. २००६ च्या आरएफसी ४५५९ मध्ये तिचं वर्णन आहे. सर्व्हर ४०१ सोबत निगोशिएट म्हणतो, ब्राऊझर संगणकाच्या कर्बेरॉस लायब्ररीकडून त्या सर्व्हरसाठीचं तिकीट मागतो, ते बेस६४ मध्ये लिहून पाठवतो, आणि पान उघडतं. चौकट नाही, टाइप करणं नाही.

कागदावर एवढं सोपं. सर्व्हरच्या बाजूचं काम खरोखरच फार नव्हतं. डोमेनमध्ये दप्तरासाठी एक सेवा खातं काढलं, त्याच्यावर एचटीटीपी आणि सर्व्हरचं पूर्ण नाव अशी सेवेची ओळख नोंदवली, कीटॅब नावाची किल्लीची फाईल तयार करून दप्तर ज्या अपाचे या वेब सर्व्हरवर चालतं तिथे नेली आणि तिच्यावर अपाचेशिवाय कोणालाही हात लावता येणार नाही असे हक्क बसवले. ती फाईल म्हणजेच लखोटा उघडायची किल्ली. ती बॅकअपच्या सामायिक फोल्डरमध्ये जाऊ नये यासाठी वेगळी खबरदारी घेतली. किल्ली एईएस या बळकट कूटपद्धतीची ठेवली. बाकी अपाचेला कर्बेरॉस जोडून देणाऱ्या जीएसएसएपीआय मॉड्यूलला चार ओळी.

वेळ गेला तो ब्राऊझरांकडे. आणि मला वाटतं तो तिथेच जायला हवा होता.

ब्राऊझर कोणत्याही सर्व्हरने निगोशिएट म्हटलं म्हणून तिकीट काढून देत नाही, आणि हे त्याचं वागणं अगदी योग्य आहे. नाहीतर इंटरनेटवरच्या कुठल्याही अनोळखी पानाने ४०१ पाठवावा आणि आपल्या संगणकाने गुपचूप ओळखपत्र काढून द्यावं असं झालं असतं. म्हणून ब्राऊझरला यादी द्यावी लागते: या नावांच्या सर्व्हरांनी विचारलं तरच उत्तर दे. फायरफॉक्समध्ये ती नेटवर्क.निगोशिएट-ऑथ.ट्रस्टेड-यूआरआयज या सेटिंगमध्ये असते आणि मुळात रिकामी असते. क्रोम आणि एजमध्ये ऑथसर्व्हरअलाउलिस्ट नावाची पॉलिसी आहे. विंडोजवर ती दिली नसेल तर क्रोम विंडोजच्या इंट्रानेट विभागाच्या सेटिंगवर चालतो. लिनक्सवर तसा विभागच नाही, तिथे यादी द्यावीच लागते.

याच टप्प्यावर बाहेरून मदतीला आलेल्या एका तंत्रज्ञाने सुचवलं की यादीत तारा (*) टाका, म्हणजे सगळ्या नावांना चालेल आणि कटकट मिटेल. मी ठामपणे नाही म्हटलं. निगोशिएटच्या आत कर्बेरॉस जमलं नाही तर विंडोज संगणक एनटीएलएमवर घसरू शकतो, आणि एनटीएलएमचं उत्तर चुकीच्या सर्व्हरच्या हाती लागलं तर त्यावरून पासवर्ड शोधून काढण्याचे किंवा ते उत्तर दुसरीकडे वापरण्याचे प्रयोग कित्येक वर्षांपासून होत आले आहेत. मायक्रोसॉफ्टनेही २०२४ मध्ये एनटीएलएम निवृत्त होणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलं. तारा टाकणं म्हणजे जगातल्या प्रत्येक सर्व्हरवर विश्वास ठेवणं. आमच्या यादीत फक्त आमच्या आतल्या सर्व्हरांची पूर्ण नावं आहेत, एकेक लिहिलेली. नवीन सर्व्हर आला की नाव वाढवायचं, जुना गेला की काढायचं. हे हाताचं काम आहे, आणि मी ते आनंदाने करते.

यादी ग्रुप पॉलिसीने सगळीकडे पाठवली आणि पेडण्याहून फोन आला की चौकट अजून येतेच. तिथल्या ताईंनी दप्तर बुकमार्क केलं होतं ते आयपी पत्त्याने. कर्बेरॉसमध्ये तिकीट नावासाठी निघतं. आकड्यांच्या पत्त्यासाठी आमच्या डोमेनमध्ये कोणतीच नोंद नव्हती, आणि यादीतही तो पत्ता नव्हता. बुकमार्क बदलून दिला. त्याच ओघात सगळ्या शाखांत पॉलिसीनेच योग्य नावाचे बुकमार्क बसवले, म्हणजे कोणाला पत्ता लक्षात ठेवायलाच नको.

नावाचा गुंता एवढ्यावर थांबला नाही. अहवालांच्या सर्व्हरला आम्ही लोकांच्या सोयीसाठी एक सोपं दुसरं नाव दिलेलं होतं, डीएनएसमधलं (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतलं) सीनेम. क्रोम असं नाव दिसलं की त्यामागचं मूळ नाव शोधून काढतो आणि तिकीट त्या मूळ नावासाठी मागतो. त्यामुळे सेवेची नोंद सोप्या नावावर केली तरी विंडोजवरचा क्रोम मूळ नावाचंच तिकीट मागत राहिला. हे वागणं बंद करायची पॉलिसी आहे, पण मी उलट केलं: दोन्ही नावं एकाच सेवा खात्यावर नोंदवली. वाळपईच्या लिनक्स संगणकांवर याच्या पुढची पायरी होती. तिथली एमआयटीची कर्बेरॉस लायब्ररी मुळात आयपी पत्त्यावरून उलटं नावही शोधते, आणि शाखेच्या राउटरने त्या पत्त्याला काहीतरी तिसरंच नाव दिलेलं होतं. कॉन्फिगरेशनमध्ये आरडीएनएस ही उलट शोधाची सेटिंग बंद केल्यावर ते थांबलं. हे शोधून काढायला केआरबी५_ट्रेस नावाच्या चलाने फार मदत केली. ते चालू केलं की लायब्ररी प्रत्येक पाऊल लिहून दाखवते: कोणत्या नावाचं तिकीट मागितलं, कोणी नाही म्हटलं, का म्हटलं. कर्बेरॉसवर काम करणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी हे शिकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

वाळपईलाच आणखी एक अडचण. तिथल्या लिनक्समधला ब्राऊझर बंदिस्त पेटीत चालणाऱ्या पॅकेजमधून आलेला होता. तिकीट टेम्पच्या फोल्डरमध्ये पडलेलं, टर्मिनलवर केलिस्ट ही तिकिटं दाखवणारी कमांड दिली की व्यवस्थित दिसतंय, पण पेटीतल्या ब्राऊझरला तो फोल्डर दिसतच नाही. त्याच्या दृष्टीने माणसाकडे तिकीटच नाही. ब्राऊझर नेहमीच्या पॅकेजमधून बसवला आणि काम झालं. सुरक्षिततेसाठी ब्राऊझर बंदिस्त ठेवणं मला मान्य आहे, पण मग तिकिटापर्यंतची वाटही त्या पेटीला कोणीतरी दिली पाहिजे.

मग पाऊस आला. गोव्यात जून-जुलैत वीज कधी जाईल, लाइन कधी पडेल याचा भरवसा नसतो, आणि हे माहीत असूनही त्याचा कर्बेरॉसशी संबंध मला आधी जाणवला नव्हता इतका तो घट्ट निघाला. कर्बेरॉसमध्ये घड्याळाला फार महत्त्व. तिकिटावर वेळ असते, आणि दोन्ही बाजूंच्या घड्याळांत नेहमीच्या सेटिंगप्रमाणे पाच मिनिटांहून जास्त फरक असला की नकार. डिचोलीच्या एका जुन्या संगणकाची मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली. वीज गेली की त्याचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जायचं. पूर्वी कोणाच्या लक्षातही आलं नसतं. आता दप्तर उघडेना. सगळ्या जुन्या संगणकांच्या त्या बॅटऱ्या बदलल्या, आणि शाखांनी वेळ कुठून घ्यायची ते नक्की करून दिलं.

दुसरा प्रकार जास्त फसवा होता. सकाळी शाखेची लाइन बंद असताना कर्मचारी संगणक सुरू करतो. विंडोज त्याला आत घेतं, कारण आधीच्या यशस्वी लॉगिनची आठवण संगणकातच साठवलेली असते. डोमेनच्या सर्व्हरशी मात्र बोलणं झालेलं नसतं, म्हणजे तिकीट मिळालेलं नसतं. अर्ध्या तासाने लाइन येते, इंटरनेट चालतं, बाकी सगळं ठीक, आणि दप्तर चौकट दाखवतं. माणसाला वाटतं वेबसाइट बिघडली. उपाय सोपा आहे: संगणक लॉक करून पासवर्ड टाकून पुन्हा उघडायचा, की विंडोज तिकीट घेऊन येतं. हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक शाखेत लावायला दिलं. साखळीच्या रोखपालबाबांनी तो कागद स्वतःच्या हाताने लॅमिनेट करून घेतला आणि आता शेजारच्या काउंटरवाल्यांना तेच समजावतात.

चौकट आली तर तिच्यात काय टाकायचं, हा प्रश्न मी फार गांभीर्याने घेतला. सर्व्हर निगोशिएटसोबत बेसिकही देऊ करत असेल, तर तिकीट न जमलेल्या माणसासमोर ब्राऊझर बेसिकची चौकट ठेवतो, आणि आपण ज्या पासवर्डाला वायरीपासून दूर ठेवलं तोच पुन्हा सर्व्हरच्या हातात पडतो. म्हणून बेसिक पूर्ण काढून टाकलं. आता तिकीट नसेल तर ४०१ सोबत आम्ही आमचं पान दाखवतो: संगणक लॉक करून उघडा, तरी नाही झालं तर या नंबरवर फोन करा. खासगी खिडकीत उघडलं तरी क्रोम आपोआप ओळख देत नाही, तिथेही हेच पान मदतीला येतं. मराठीत लिहिलेलं साधं पान आहे, पण माझ्या मते पूर्ण कामातला तो फार मोलाचा तुकडा आहे.

एनटीएलएम कुठे शिल्लक आहे हे हेडर पाहून ओळखता येतं. निगोशिएटच्या पुढची अक्षरं वायआयआय अशी सुरू झाली तर साधारणपणे कर्बेरॉसचं तिकीट आहे. टीएलआरएम अशी सुरू झाली तर माणूस एनटीएलएमवर घसरला आहे. एनटीएलएमचा आणखी एक त्रास असा की ते विनंतीची नव्हे तर पूर्ण जोडणीची ओळख पटवतं. मध्ये प्रॉक्सी (मध्यस्थ सर्व्हर) असेल आणि एकाच जोडणीवरून अनेकांच्या विनंत्या जात असतील तर गोंधळ, आणि एचटीटीपी/२ वर ते चालतच नाही, जुन्या आवृत्तीवर यावं लागतं. अपाचेचे लॉग चाळून असे संगणक एकेक शोधले. बहुतेक वेळा कारण नावाचंच निघालं.

एक अडचण फक्त व्यवस्थापकांना आली. बाकी सगळ्यांचं दप्तर उघडतंय, त्यांना मात्र ४०० क्रमांकाचं, म्हणजे विनंतीच चुकीची आहे असं, उत्तर. माणूस डोमेनमधल्या जितक्या गटांत असेल तितकं त्याचं तिकीट जाड होतं, कारण विंडोज त्या गटांची माहिती तिकिटातच भरतं. व्यवस्थापक इतक्या वर्षांत जवळजवळ प्रत्येक गटात घातले गेले होते, आणि अपाचे एका हेडरला मुळात ८१९० बाइटांपर्यंतच जागा देतं. मर्यादा वाढवून ते लगेच सुटलं असतं, आणि मी ती थोडी वाढवलीही. पण खरं काम केलं ते गट तपासण्याचं. बंद झालेल्या योजनांचे, जुन्या समित्यांचे गट पडून होते, ते व्यवस्थापकांसोबत बसून काढले. कोणाला काय दिसावं याची अशी झाडलोट या निमित्ताने झाली, हे मला फार बरं वाटलं. निगोशिएट फक्त माणूस कोण ते सांगतं. त्याने काय पाहावं हे दप्तरालाच ठरवावं लागतं, आणि त्या नोंदी अशाच साचत जातात.

दोन गोष्टींबाबत मी कुठलीही सवलत दिली नाही. पहिली म्हणजे डेलिगेशन. सर्व्हरला माणसाच्या वतीने पुढे दुसऱ्या सर्व्हरकडे जाऊ देण्याची सोय कर्बेरॉसमध्ये आहे, आणि ब्राऊझरमध्ये तिची यादी वेगळी असते. आमची ती यादी रिकामी आहे. दप्तराच्या सर्व्हरला रोखपालाच्या नावाने कुठेही जायचं कारण नाही. दुसरी गोष्ट बनावट विनंत्यांची. ब्राऊझर ओळख आपोआप जोडतो, म्हणजे दुसऱ्या एखाद्या पानाने आपल्या ब्राऊझरला आमच्या रजेच्या अर्जाकडे विनंती पाठवायला लावली तरी ती ओळखीसकटच जाते. कुकीला (ब्राऊझरने साठवलेल्या ओळखखुणेला) सेमसाइटचं, म्हणजे दुसऱ्या वेबसाइटवरून आलेल्या विनंतीसोबत न जाण्याचं, बंधन घालून जे संरक्षण मिळतं ते या हेडरला मिळत नाही. म्हणून जिथे काही बदलतं, मंजूर होतं, पुसलं जातं, तिथे प्रत्येक फॉर्ममध्ये एकदाच चालणारा गुप्त आकडा बसवून घेतला. रजेच्या अर्जाची वेबसाइट करून देणाऱ्यांना हे पटायला वेळ लागला, पण त्यांनी केलं.

लॉगआउट हा भाग अजून मला सलतो. या पद्धतीत वेबसाइटवरून बाहेर पडणं असं काही नसतं. एचटीटीपीच्या सांगाड्यात सुरुवातीपासून त्यासाठी जागाच ठेवलेली नाही. बेसिकमध्येही ब्राऊझर बंद होईपर्यंत ओळख लक्षात राहायची. आमच्या डोमेनमध्ये तिकीट दहा तास चालतं, म्हणजे कामाचा पूर्ण दिवस. ज्या काउंटरवर दोन माणसं आळीपाळीने एकच संगणक वापरतात तिथे हे धोक्याचं. तिथे प्रत्येकाने विंडोजचं स्वतःचं लॉगिन वापरायचं आणि उठताना संगणक लॉक करायचा असा नियम केला, थोड्याच वेळात आपोआप लॉक होईल असंही बसवलं. डिचोलीच्या ताई म्हणाल्या, "पूर्वी दिवसभर पासवर्ड टाकायचो, आता उठताना कळ दाबायची. एवढं चालेल." त्यांचं म्हणणं मला योग्य वाटलं, तरी वेबसाइटवर बाहेर पडण्याचं बटण हवं असं वाटणाऱ्यांची मागणीही मला खोटी वाटत नाही.

सगळ्या शाखा जोडल्या गेल्यावर मी व्यवस्थापकांना पुन्हा तोच नेटवर्कचा टॅब दाखवला. ४०१, मग निगोशिएट, मग तिकीट, मग पान. बेस६४ उलटं वाचलं तर हाती लागतात बंद केलेले बाइट. पासवर्ड कुठेच नाही. त्यांनी परिपत्रक काढलं की आतल्या वापराची कोणतीही नवीन वेबसाइट घेताना तिने स्वतःचा पासवर्ड मागता कामा नये, ही अट निविदेत घालावी. माझ्या दृष्टीने हे परिपत्रक म्हणजे या कामातली सर्वांत मोठी कमाई.

आता उरले आहेत संचालक. ते घरून, स्वतःच्या फोनवरून सभेची कागदपत्रं पाहतात. ते फोन डोमेनमध्ये नाहीत आणि असूही नयेत, आणि डोमेनच्या सर्व्हरचं ८८ क्रमांकाचं पोर्ट इंटरनेटवर उघडायचा प्रश्नच नाही. त्यांच्यासाठी वेबऑथन या पासवर्डशिवाय ओळख पटवायच्या पद्धतीची चाचणी सुरू केली आहे. २०१९ च्या मार्चमध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने हे मानक मंजूर केलं. इथे खाजगी किल्ली फोनमध्येच राहते, सर्व्हरकडे फक्त सार्वजनिक किल्ली, आणि ती जोडी ज्या नावाच्या वेबसाइटसाठी केली त्या नावाशी ब्राऊझर ती बांधून ठेवतो, म्हणजे हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या वेबसाइटला तिचा उपयोग नाही. बोट टेकवायचं, पान उघडतं. पहिल्यांदा पेडण्याच्या संचालकांचा फोन जोडून घेतला. फोन हरवला तर पुन्हा ओळख कशी पटवायची याची पद्धत लिहून संचालक मंडळापुढे ठेवली आहे: फोनवर नव्हे, प्रत्यक्ष शाखेत येऊन, ओळखपत्र घेऊन, शाखाधिकाऱ्यासमोर. तिला मंजुरी मिळाली की बाकीच्यांचे फोन जोडायला घेईन.